मारुतीला पाणी कुठवर?

आश्विन शुद्ध द्वादशी

दर पावसाळ्यात आमच्या घरून नाशिकला एक फोन जातो. फोन आई करते, उचलतो मामा, आणि "कसा आहेस रे?" म्हणायच्या आधी आई विचारते, "मारुतीला पाणी कुठवर?" मामाही तितक्याच सवयीनं सांगतो, "गुडघ्याला लागलंय," नाहीतर, "कमरेपर्यंत आलं ताई, रात्री आणखी सोडणारेत म्हणे." गोदावरीच्या पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती हे नाशिककरांचं पूर मोजायचं माप. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते पेपरात छापून येतं, पण क्युसेक आईला डोळ्यांपुढे आणता येत नाही. मारुतीची छाती आणता येते. 1971 साली लग्न होऊन ती पुण्याला आली. आधी पत्रातून आणि नंतर फोनवर, हा प्रश्न एकाही पावसाळ्यात चुकलेला नाही.

यंदा दसऱ्याचं सोनं वाटून झालं आणि ती म्हणाली, "मला त्याला एकदा कोरडा बघायचाय. कोजागिरीला नाशिकला जाऊ." सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईनं इतकं नेमकं काही मागितलं की नाही म्हणता येत नाही. मी गेल्याच वर्षी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्यामुळे रजेचाही प्रश्न नव्हता. सकाळी सहाला गाडी काढली.

नारायणगावला चहा घेतला, आळेफाट्यानंतर रस्ता मोकळा झाला. दसऱ्याला दारोदार लागलेला झेंडू आता बांधांवर ढिगानं पडला होता. सणाचा भाव संपला की तोडणीची मजुरीही सुटत नाही. कुठे सोयाबीनची मळणी चाललेली, कुठे डांबरी रस्त्याच्या कडेलाच मका वाळत घातलेला. संगमनेर सोडलं तेव्हा ऊन असं लागलं की काच वर करून एसी लावावा लागला. ऑक्टोबर हीट म्हणतात ती हीच. शाळेत शरद ऋतूवर निबंध लिहिताना आम्ही चांदणं, कमळं, निवळलेलं पाणी सगळं घालायचो, पण दुपारच्या या चटक्याचं नाव काढायचो नाही. आपला शरद पानगळीचा नाहीच. पानं आपल्याकडे शिशिरात गळतात. शरद म्हणजे उघडीप. चार महिने दाबून ठेवलेलं सगळं उन्हात येतं: गोधड्या, धान्य, लोणच्याच्या बरण्या आणि माणसं.

संध्याकाळी मामाला घेऊन गंगेवर गेलो. नाशिकमध्ये गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. गौतम ऋषींनी गोहत्येचं पाप फिटावं म्हणून तप करून शंकराच्या जटेतून हिला ब्रह्मगिरीवर उतरवलं ही कथा इथे कुणी मुद्दाम सांगत बसत नाही. "जरा गंगेवर जाऊन येतो" एवढ्या चार शब्दांत ती रोज सांगितली जाते.

मारुती कोरडा होता. एका तोंडानं पुढे बघतोय, एका तोंडानं मागे. शेंदरी अंगावर पुराच्या रेघा होत्या. एक कमरेशी, अगदी ठळक. एक छातीच्या जरा खाली, पुसट. हाताच्या बेचक्यात वाळक्या गवताचा पुंजका, आणि त्यात कुणाच्या तरी पूजेतली निळी फीत अडकलेली. आई जवळ गेली आणि ठळक रेघेवर बोट ठेवलं. मातीचा पापुद्रा सुटून तिच्या बोटाला लागला. "ही जुलैतली," ती म्हणाली. मामानं वरची दाखवली, "आणि ही ऑगस्टची. तुला सांगितलं होतं ना, छातीला लागतंय म्हणून." दोघं भावंडं एखादं जुनं पासबुक ताडून पाहावं तशा त्या रेघा पाहत होती.

1969 च्या महापुरात आई एकवीस वर्षांची होती. पंचवटीतल्या वाड्यात पाणी शिरलं तेव्हा आजीनं आधी देव वर नेले, मग पिठाचा डबा, मग मामाला. हा क्रम आई दर वेळी सांगते आणि मामा दर वेळी हसतो. सरकारवाड्याच्या किती पायऱ्या बुडाल्या हे तेव्हाचं दुसरं माप. नारोशंकराच्या देवळाच्या घंटेला पाणी लागलं की त्याच्यापुढे मोजायचंच काही नाही, असं जुनी माणसं म्हणत. नाशिकनं पुराची मापं अशी देवाच्या अंगावर आणि पायऱ्यांवर ठेवली. पट्टी कुठे हरवत नाही, आणि येता-जाता हात जोडले की ती वाचूनही होते.

आश्विन शुद्ध त्रयोदशी

आईचे पाय दुखत होते, ती घरीच थांबली. मी एकटी पांडवलेण्यांना गेले. सकाळी सातलाही चढताना घाम फुटला. दोनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, पण चढ अंगावर येतो. वर पोचलं की मुंबई-आग्रा रस्त्याचा आवाज खाली राहतो.

लेणी चोवीस. नाव पांडवांचं, आणि पांडवांचा इथे काही संबंध नाही. ही बौद्ध भिक्खूंची लेणी, आणि डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी. वनवासातले पांडव एका रात्रीत कोरून गेले, असं आपल्याकडे जवळपास प्रत्येक लेण्याबद्दल सांगतात. लहानपणी मामानं मला भीमाची खोली म्हणून इथली एक खोली दाखवली होती, आणि त्या दगडी बाकावर भीम कसा मावला असेल याची मला कितीतरी दिवस काळजी लागलेली होती.

या वेळी मी आले होते ते दहाव्या लेण्यासाठी. नहपान या शक क्षत्रपाचा, म्हणजे राजाचा, जावई उषवदात याचा लेख तिथे आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात तो सांगतो, की मी हे लेणं संघाला दिलं, आणि सोबत 3,000 कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, कायमची ठेव म्हणून गोवर्धनच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे ठेवले. 2,000 एका विणकर श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजानं. 1,000 दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण टक्क्यानं. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्यातून या लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी.

एकोणतीस वर्षं बँकेत काढल्यावर माझी एक सवय झाली आहे. आकडा दिसला की तोंडानं व्याज सुटतं. बसच्या पाटीवरचा असो, दुकानाच्या बिलावरचा असो. तिथे उभ्या उभ्या हिशेब झाला: दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला 20, वर्षाला 240. वीस भिक्खू, प्रत्येकी 12, म्हणजे 240. एक कार्षापण इकडे नाही की तिकडे नाही. माझ्या अंगावर काटा आला. त्या माणसानं दान देताना आधी खर्च मांडला, मग त्यावरून मुद्दल काढलं. पुढे लिहिलंय, की हे सगळं निगमसभेत ऐकवलं आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवलं. ठरावही झाला आणि नोंदही. आमच्या शाखेत याहून ढिसाळ कागद मी पाहिले आहेत.

वर्षावास म्हणजे पावसाळ्याचा मुक्काम. तीन महिने गाववाटा बंद, भिक्खू एका जागी. मुक्काम संपायचा तो याच दिवसांत, आश्विनी पौर्णिमेच्या सुमाराला, आणि त्यानंतर नवी वस्त्रं देण्याचा काळ. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी पाऊस उघडला की त्रिरश्मीच्या पायऱ्यांवरून नव्या कापडाचे गठ्ठे वर चढत असतील. कपडा गोवर्धनचा, विणकर गोवर्धनचे. गंगापूर रस्त्याला आजही गोवर्धन गाव आहे. मामाच्या घरून रिक्षानं जाता येतं.

मग तिसरं लेणं. व्हरांड्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, गेल्यावर नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी या आजीनं लेणं दान केलं आणि भिंतीवर मुलाचं वर्णन कोरून घेतलं. ओळीमागून ओळ. शक, यवन, पल्हवांना हरवणारा. ज्याचे घोडे तीन समुद्रांचं पाणी प्यायले असा. आणि त्या सगळ्या पराक्रमांत एक विशेषण आईची सेवा कधीही न चुकवणारा असं. हे वाचताना मी थांबलेच. राजाच्या स्तुतीत हे दुसऱ्या कुणी घातलं नसतं. त्याच लेखात ती म्हणते, पराक्रमात अर्जुनासारखा, भीमसेनासारखा. म्हणजे पांडव इथे राहिले नाहीत, पण त्यांची नावं इथे आहेत. एका आईनं मुलाची उंची सांगायला घेतलेलं माप म्हणून आहेत. मामाला संध्याकाळी हे सांगितलं. तो म्हणाला, "बघ, मी खोटं नव्हतो सांगत."

आश्विन शुद्ध चतुर्दशी

आज दिंडोरीकडे. मामीच्या भावाची द्राक्षबाग आहे तिथे जेवायला बोलावलं होतं, आणि जमलं तर पुढे वणीपर्यंत जायचं ठरलं.

गाव सोडल्यावर दोन्ही बाजूंना सगळं हिरवं. टोमॅटो, मका, कोबी, बांधावर पिवळी सोनकी, ओढ्याकाठी तुरे काढलेलं गवत. आणि मध्येच द्राक्षांच्या बागा पाहाव्यात तर बोडक्या. तारांवर नुसत्या तपकिरी काड्या. जिथे बघावं तिथे भर आहे, आणि द्राक्षाच्या वेलीवर एक पान नाही. शरदात पानगळ नाही असं मी परवा लिहिलं, ते इथे खोटं ठरलं. फक्त ही पानगळ ऋतूची नाही, कात्रीची.

मामीचे भाऊ, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, बागेतच होते. ऑक्टोबर छाटणी चालू होती. ते सांगत होते, "द्राक्ष मूळचं थंड मुलखाचं. तिकडे पानं आपली आपण गळतात, वेल झोपते, उन्हाळा लागला की सगळे डोळे एकदम उठतात. आपल्याकडे तेवढी थंडी कुठली? वेलीला कळतच नाही कधी झोपायचं अन् कधी उठायचं. मग ते आपण सांगायचं." एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यावर काडी तयार होते. आता ही गोडी छाटणी, तिच्यावर घड येतो. वर्षाला दोन छाटण्या आणि पीक एक. छाटणीच्या आधी इथेफॉन फवारून पानं गाळतात, मग काडी कापतात, मग फुटायला हवेत त्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात.

ती पेस्ट लावताना मी जवळून पाहिलं. रबरी हातमोजे घातलेल्या दोन बायका ओळीनं चालल्या होत्या. डब्यात लाल रंग मिसळलेलं औषध, बोटाला गुंडाळलेला फडक्याचा बोळा, आणि काडीच्या टोकाकडच्या डोळ्यांवर हलकासा स्पर्श. एक डोळा, दुसरा डोळा, पुढची काडी. रंग अशासाठी, की कुठला लावला आणि कुठला राहिला ते कळावं. डोळा म्हणजे काडीवरचा हरभऱ्याच्या डाळीएवढा फुगवटा, वर तांबूस केसाळ खवला. बघून वाटतही नाही की आत घड आहे. पण आहे. एप्रिलच्या छाटणीनंतरच तो तिथे ठरलेला असतो.

"आणि पाऊस आला तर?" आईनं विचारलं.

अण्णांनी आभाळाकडे पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं, तरी पाहिलं. "फुटताना आला तर घड जिरतो, आक्का. घडाची नुसती दोरी होते, वेल धरायला. पुढे फुलोऱ्यात आला तर डावणी रोग." मग जरा वेळानं, "पहिल्या वेलीला हळदकुंकू लावून नारळ फोडल्याशिवाय कात्री लावत नाही मी. त्यानं पाऊस थांबतो असं नाही. पण कापायचं तर तिला सांगून कापावं."

जेवून निघालो तेव्हा वणीच्या रस्त्यावर कावडी दिसू लागल्या. कोजागिरीला सप्तशृंगीला नद्यांच्या पाण्याचा अभिषेक होतो, त्यासाठी गोदावरीचं, तापीचं, अगदी नर्मदेचंही पाणी खांद्यावर घेऊन माणसं चालत येतात. भगवे कपडे, पायांत काही नाही, डांबर तापलेलं. एक पंचविशीतला मुलगा कडेच्या बाभळीच्या सावलीत उभा होता, पण कावड खांद्यावरच. जमिनीला टेकवायची नाही. आईनं गाडी थांबवायला लावली आणि त्याला पिशवीतली केळी दिली. त्यानं एका हातानं घेतली, दुसरा हात कावडीवर.

नांदुरीच्या पुढे यात्रेमुळे खाजगी गाड्या सोडत नव्हते, वर जायला एसटी. ती गर्दी पाहून आई म्हणाली, "नको. इथूनच." पायथ्याशी उभी राहून तिनं गडाकडे हात जोडले. मला लहानपणी सांगितलेलं पुन्हा सांगितलं: समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी सप्तशती म्हणत बसले, ती ऐकायला देवीनं मान कलती केली, ती अजून तशीच आहे. अठरा हातांत अठरा आयुधं, महिषासुराला मारून उभी, आणि लक्ष कशाकडे, तर समोर कुणी काही म्हणतंय त्याकडे. आई स्वतः फोनवर बोलताना मान तशीच एका बाजूला करते. हे आजवर मी तिला सांगितलं नव्हतं. आजही सांगितलं नाही.

कोजागिरी

मला पाचला जाग येते. बँकेची नोकरी सुटली, ही सवय सुटली नाही. उठून मामाच्या गच्चीवर गेले. चंद्र पश्चिमेला उतरत होता, आणि दक्षिणेला, इमारतींच्या थोडाच वर, एक ठळक तारा. अगस्ती. पावसाळाभर तो दिसत नाही, शरदात पहाटे दिसू लागतो.

आयुर्वेदात शरदातल्या पाण्याला हंसोदक म्हणतात. दिवसा सूर्यानं तापलेलं, रात्री चंद्रानं निववलेलं आणि अगस्तीच्या उदयानं निर्विष झालेलं, असं चरकसंहितेत वर्णन आहे. पुराचा गाळ बसून नदी निवळते, हे कुणीतरी बारकाईनं पाहिलं होतं आणि त्या काळाची खूण म्हणून हा तारा धरला होता. आणि अगस्ती तोच, ज्यानं रामाला राहायला जागा सुचवली. गोदावरीकाठी पंचवटी म्हणून ठिकाण आहे, तिथे जा, असं सांगणारे अगस्ती ऋषीच. गच्चीवर थंड फरशीवर अनवाणी उभं राहून मला वाटलं, पत्ता देणारा अजून वर उभा आहे.

अरण्यकांडात पुढे शरद संपतो, हेमंत लागतो, पहाटे तिघं गोदावरीवर स्नानाला जातात, लक्ष्मण थंडीचं वर्णन करतो. इतकं सुखाचं वर्णन वनवासात क्वचित येतं. आणि लगेच पुढे शूर्पणखा. तिचं नाक कापलं ते तपोवनात, त्यावरून नाशिक, असं सगळे सांगतात. नव शिखरांवरून नाव पडलं असंही सांगणारे आहेत. पण नाक कापलेलं लक्षात राहतं, टेकड्या राहत नाहीत. मला मात्र आज त्या घटनेच्या आधीचे दिवस दिसत होते. पाऊस उघडलाय, पर्णकुटी वाळलीय, नदी निवळलीय आणि अजून काही बिघडलेलं नाही.

सातला आईला रामकुंडावर नेलं. पाणी हंसोदकासारखं निर्मळ होतं असं मला म्हणता येणार नाही. निर्माल्य होतं, पिशव्या होत्या, पिंडांचा भात होता. दशरथाचं श्राद्ध रामानं इथे केलं म्हणून अजून लोक आपापली माणसं घेऊन इथे येतात, आणि जे आणतात ते सगळं पाण्यातच जातं. हे पाहून जीव तुटतो. जिला आपण रोज गंगा म्हणतो तिच्यात पिशवी टाकताना हात थबकायला हवा. आईनं वाकून दोन बोटं बुडवली, डोळ्यांना लावली आणि काठावरच्या दोन पिशव्या उचलून टोपलीत टाकल्या.

मग कपालेश्वर. या महादेवासमोर नंदी नाही. ब्रह्मदेवाचं पाचवं डोकं तोडल्याचं पाप शंकराच्या मागे लागलं, ते कुठे फिटतं हे त्याला एका गोऱ्ह्यानं दाखवलं: ब्रह्महत्येनं काळा पडलेला तो गोऱ्हा रामकुंडात बुडी मारून पुन्हा पांढरा झाला. ज्यानं वाट दाखवली तो गुरू, आणि गुरूला आपल्यापुढे पायाशी कसं बसवायचं? म्हणून नंदी नाही. आई या देवळाच्या सावलीत वाढली. त्यामुळे शिंगांवर बोटं ठेवून मधून पिंडीचं दर्शन घ्यायची सवय तिला कधी लागलीच नाही. पुण्याला आल्यावर सासरच्यांनी एकदा तिला ओंकारेश्वरी यावरून टोकलं होतं, ते ती अजून विसरलेली नाही. आज गाभाऱ्यापुढे सरळ उभी राहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ. आमच्याकडे मध्ये कुणी नसतं."

रात्री गच्चीवर सतरंजी, पातेल्यात आटलेलं दूध, वर केशर-वेलची. मामीचा नैवेद्य दाखवून झाल्यावर आईनं माझी आश्विनी केली. कोजागिरीला थोरल्या अपत्याला ओवाळायचं, ते आमच्याकडे कधी चुकलं नाही. मी त्रेपन्न वर्षांची, पाटावर बसले, सुपारी-अंगठीनं ओवाळून घेतलं. आई ताम्हन खाली ठेवायला लागली तशी मामीनं ते तिच्या हातातून घेतलं.

"वन्सं, बसा. तुम्हीही थोरल्याच की."

"मला ओवाळणारी गेली गं केव्हाच," आई म्हणाली.

"बसा म्हणते ना."

आई पाटावर बसली. नऊला झोपणारी बाई, साडेअकराला डोळे मिटून बसली होती. निरांजनाचा उजेड तिच्या कपाळावरून फिरत होता. मामा उगाच उठून पातेल्यावरचं झाकण काढायला गेला.

औक्षण झाल्यावर तिनं विचारलं, "दुधात चंद्र पडला का रे?" आणि बघायला स्वतःच वाकली. चष्म्यावर वाफ आली. तिनं तो पदरानं पुसला आणि पुन्हा वाकली.